ब्रिगेड नव्या गावी आली तर सराव कुठे करणार? (चांदमारी, फायरिंग रेंज आणि नियोजन)

निनाद_के

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नगररचनेच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदाच्या स्टुडिओचा विषय असा: पायदळाची एक ब्रिगेड, साधारण साडेतीन हजार माणसं, दुसऱ्या राज्यातून पुणे परिसरातल्या एका काल्पनिक छावणीत हलते आहे. जागा ९०० एकर गृहीत धरायची. घरं, शाळा, इस्पितळ, पाणी, रस्ते हे आम्हाला जमतं. पण ‘प्रशिक्षण सुविधा’ या मथळ्याखाली नक्की काय काढायचं यावर गाडी अडली आहे. गटातल्या एकाने नकाशाच्या कोपऱ्यात क्रिकेटच्या मैदानाएवढा चौकोन काढून त्यात ‘फायरिंग रेंज’ लिहिलं. मॅडमनी लाल पेनने ‘गोळी कुठे जाणार?’ एवढंच लिहून शीट परत दिली.

इथे माजी सैनिक, एमईएसमध्ये (लष्कराच्या बांधकाम खात्यात) काम केलेले, छावणीच्या आसपास राहणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय. सार्वजनिक असेल तेवढीच माहिती हवी आहे. खऱ्या कुठल्याही युनिटबद्दल विचारत नाहीये.

कोथरूडकर

पुण्यात दुचाकी लावायला जागा नाही आणि तुम्ही ब्रिगेड आणताय. मॅडमचा प्रश्न मात्र फर्मास आहे.

माजी_सॅपर

निनाद, तुझ्या मॅडमना माझा सलाम सांग. सगळं नियोजन त्या एका प्रश्नातूनच सुटतं.

रायफलचा जवान निशाणा धरतो तीनशे मीटरवर, पण चुकून वर गेलेली गोळी तीन किलोमीटर आणि त्याहून पुढेही जाते. म्हणजे रेंजची जागा फायरिंग पॉइंटपासून बटपर्यंत (टार्गेटमागे गोळी अडवणारा मातीचा उंच बांध) संपत नाही. बटच्या मागे आणि दोन्ही बाजूंना पंख्यासारखा पसरलेला धोक्याचा पट्टा असतो. आम्ही त्याला डेंजर एरिया म्हणतो. तो आधी नकाशावर काढायचा, मग आत रेंज बसवायची. तुम्ही उलटं केलंत.

जागा कमी असेल तर उपाय आहेत. बट उंच करायची, बाजूला मातीचे बांध घालायचे, डोक्यावर आडव्या भिंती म्हणजे बॅफल घालायचे. बॅफल रेंजमध्ये फायरिंग पॉइंटवरून आकाश दिसतच नाही, त्यामुळे धोक्याचा पट्टा खूप आखडतो. खर्च वाढतो. शहराला चिकटून असलेल्या छावणीत दुसरा मार्ग नसतो.

आता बटबद्दल. आपल्याकडे बाहेरून आलेले डिझायनर हमखास एक गोष्ट करतात. मागे टेकडी दिसली की म्हणतात, झाली आयती बट. आपली टेकडी म्हणजे वर वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाषाणावर आपटलेली गोळी कुठेही जाईल. बटच्या तोंडाला चाळलेली, खडे काढलेली माती लागते, चांगली जाड. दर काही वर्षांनी ती उकरून चाळायची, शिसं वेगळं करायचं, माती पुन्हा भरायची. पावसाळ्यात ती माती वाहून खाली मार्करच्या खंदकात येते, म्हणून खंदकाला निचरा हवा. काळ्या मातीत खंदक बांधलास तर भिंतीला तडे जाणारच. आणि फायरिंग शक्यतो उत्तरेकडे तोंड करून ठेव, म्हणजे सूर्य जवानाच्या डोळ्यांत येत नाही आणि टार्गेटवर उजेड राहतो.

खंदकातलं काम कुणी पाहिलं नसेल तर सांगतो. टार्गेटच्या चौकटी दोरी-कप्पीवर वरखाली होतात. फायर झालं की मार्कर चौकट खाली ओढतात, लांब दांडीने वर मार दाखवतात, मग खळ लावून कागदाच्या टिकल्या भोकांवर चिकटवतात आणि चौकट पुन्हा वर. खळीचा डबा घेऊन बसलेल्या जवानाच्या डोक्यावरून चटचट आवाज करत गोळ्या जात असतात. नवीन माणूस पहिल्या दिवशी मान वर करत नाही. आता आपोआप पडून उठणारी, संगणकावर मार दाखवणारी टार्गेटंही आहेत, पण वीज आणि देखभाल दोन्ही मागतात.

निगडीकर

आमच्याकडे रेड झोन आहे तोच हा पट्टा का? देहूरोड डेपोच्या भिंतीपासून दोन हजार यार्डात बांधकाम नाही म्हणून अर्ध्या निगडी-तळवड्याची घरं अडकून पडली आहेत. उद्या रेंज आली तर तिच्याभोवती पण तसंच होणार?

कागदोपत्री

निगडीकर, दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या.

रेड झोन दारूगोळा साठवणुकीमुळे आहे. डेपोच्या आत स्फोट झालाच तर बाहेर किती अंतरापर्यंत इजा होईल यावर तो ठरतो आणि १९०३ च्या वर्क्स ऑफ डिफेन्स अ‍ॅक्टखाली बांधकामावर बंधनं येतात. ती चोवीस तास, बारा महिने असतात. म्हणूनच देहूरोड आणि दिघीचा प्रश्न निवडणुकांमागून निवडणुका चघळला जातो.

रेंजच्या पट्ट्यावरची बंदी मात्र लाल झेंडा वर असेपर्यंतच असते. फील्ड फायरिंगसाठी १९३८ चा वेगळा कायदा आहे: मनूव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अ‍ॅक्ट. त्यात राज्य सरकार एखादं क्षेत्र ठराविक वर्षांसाठी अधिसूचित करतं. जमीन शेतकऱ्याची किंवा वनखात्याची, ज्याची त्याचीच राहते. ठरलेल्या दिवसांपुरतं लष्कर तिथे गोळीबार करू शकतं, लोकांना तेवढ्यापुरतं बाहेर ठेवू शकतं आणि नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. भरपाई ठरवायला महसूल खात्याचा माणूस सैन्यासोबत असावा अशी तरतूद कायद्यातच आहे.

म्हणजे देशातल्या रेंज दोन जातीच्या: संपादित आणि अधिसूचित. अधिसूचितची मुदत संपते. काश्मीरमध्ये तोसामैदानची मुदत २०१४ मध्ये संपली आणि पुढे वाढवली नाही. झारखंडच्या नेतरहाटची २०२२ मध्ये नूतनीकरण न करता सोडून दिली, कारण तिथले आदिवासी तीस वर्षं आंदोलन करत होते. निनाद, तुमच्या आराखड्यात ‘जवळ एक अधिसूचित रेंज उपलब्ध आहे’ असं लिहिणार असाल तर शेजारी ‘मुदत कधीपर्यंत’ हेही लिहा. छावणी शंभर वर्षांसाठी बांधता आणि रेंज दहा वर्षांच्या कागदावर, असं होतं.

आणि छावणीत ब्रिगेडचा स्वतःचा दारूगोळा ठेवायला मॅगझिन लागेलच. त्याची सुरक्षित अंतरं ‘स्टेक’ म्हणजे स्फोटकांच्या साठवण-वाहतुकीच्या समितीच्या नियमांनी ठरतात. ९०० एकरांत ते वर्तुळ आधी काढा, नाहीतर तुमची शाळा त्यात यायची.

तंत्रज्ञ_तात्या

२०२५ मध्ये हा धागा वाचून गंमत वाटली. सिम्युलेटर आहेत की! एका वातानुकूलित खोलीत दहा जवान रायफली घेऊन पडद्यावर गोळ्या झाडतात, प्रत्येकाचा श्वास आणि ट्रिगरवरचा दाब नोंदला जातो. गोळी नाही, आवाज नाही, जमीन नाही. पुण्यात जमिनीचे भाव बघता ९०० एकरांत चांदमारी म्हणजे चैन.

माजी_सॅपर

तात्या, सिम्युलेटर हवाच. नव्या भरतीचा निम्मा वेळ आणि पुष्कळ गोळ्या वाचतात. पण खोलीत पाऊस नसतो, धूळ नसते, शेजारच्या लेनमधल्याच्या रायफलमधून उडालेलं गरम, रिकामं काडतूस मानेत पडत नाही. सिम्युलेटरवर नव्वद टक्के मारणारा पोरगा पहिल्यांदा खरा ग्रेनेड हातात घेतो तेव्हा त्याचा हात बघा. ग्रेनेडसाठी बे बांधावी लागते: पुढे भिंत, मागे उस्तादाला आणि पोराला एकत्र आडवं होता येईल असा आडोसा, हातातून निसटला तर ढकलायला खड्डा. हे पडद्यावर होत नाही.

निनाद, आवारात काय येतं ते पटकन सांगतो. शॉर्ट रेंज, सिम्युलेटर, ग्रेनेड बे, ऑब्स्टॅकल कोर्स आणि बीपीईटीची जागा. बीपीईटी म्हणजे जवानांची शारीरिक क्षमतेची चाचणी: पाच किलोमीटरची धाव, नऊ फुटी खड्डा, उभी आणि आडवी दोरी वगैरे. धावण्याचा रस्ता मुख्य रस्त्यापासून वेगळा काढ. पहाटे शाळेच्या बसच्या वेळेला हजार माणसं पाठीवर पिट्टू घेऊन रस्त्यावर आली की छावणीचा एसटी स्टँड होतो.

आवारात येत नाही ते म्हणजे फील्ड फायरिंग. ८१ मिलिमीटरची मॉर्टार पाच किलोमीटर जाते. आपली १०५ मिलिमीटरची तोफ सतराच्या आसपास, धनुष आणि वज्र अडतीस-चाळीस. ९०० काय, नऊ हजार एकरसुद्धा कमी पडेल. म्हणून तोफखान्याचं शिक्षण देवळालीला, रणगाड्यांचं नगरला. ती ठिकाणं तिथे असण्याचं एक मोठं कारण मागची मोकळी जमीन आहे.

कोथरूडकर

औंधच्या छावणीत वरचेवर परदेशी फौजा येऊन संयुक्त सराव करतात ना? चीन २०१४ मध्ये, आफ्रिकेचे देश २०१९ आणि २०२३ मध्ये, ऑस्ट्रेलियावाले २०२४ मध्ये येऊन गेले. मग तिथे कसं जमतं?

माजी_सॅपर

कोथरूडकर, एकदाचा कामाचा प्रश्न. तिथे येतात ते शे-दोनशे जण, दोन आठवड्यांसाठी, आणि बहुतेक कवायत दहशतवादविरोधी किंवा शांतिसेनेची. खोलीत घुसणं, सुरुंग शोधणं, ओलीस सोडवणं. त्याला माणसांच्या उंचीची बांधकामं लागतात, किलोमीटर लागत नाहीत. साडेतीन हजारांची ब्रिगेड वर्षभर राबवायची हे गणितच निराळं.

जिरायत

मी नगर जिल्ह्यातला. गाव रेंजच्या हद्दीला लागून. वरची चर्चा अंतरांची चालली आहे, आमची दिवसांची आहे.

दवंडी आली किंवा तलाठ्याने कागद चिकटवला की अमुक तारखा फायरिंग, रान मोकळं ठेवा. कागद येतो तेव्हा कांदा काढणीला आलेला असतो. मजूर ठरलेले असतात, आगाऊ उचल दिलेली असते. तीन दिवस रान बंद म्हणजे मजूर दुसऱ्याच्या वावरात. त्या तीन दिवसांची भरपाई कागदावर ‘पिकाचं नुकसान नाही’ म्हणून शून्य निघते, कारण गोळा पिकावर पडलेलाच नसतो.

दुसरं, मेंढरं. आमच्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे फिरतीवर असतात. त्यांना कुणी कागद देत नाही. ते रेंजमधूनच जातात कारण गवत तिथेच उरलंय.

तिसरं सांगतो ते नकाशात कुठेच नसतं. न फुटलेला गोळा. पोरं पितळ आणि लोखंड गोळा करायला जातात, भंगारवाला किलोवर घेतो. एखादा जिवंत निघतो. हे माझ्या लहानपणापासून चालू आहे आणि दरवेळी मुलांनाच दोष देतात.

फौजेवर राग नाही. घरटी एक माणूस फौजेत आहे आमच्यात. पण जमीन आमच्या नावावर आणि दिवस त्यांच्या नावावर, असं किती पिढ्या?

अनुजा_

जिरायत दादा, हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. निनाद, मॅडमना हाच दाखव.

स्टोनहेंजशेजारी

मी नोकरीमुळे इंग्लंडात विल्टशायरला राहते. अगदी हाच विषय इथे प्रत्यक्ष घडलाय म्हणून लिहिते.

ब्रिटिश सैन्याने जर्मनीतून बस्तान हलवलं. २०१३ मध्ये योजना जाहीर झाली आणि २०१९ च्या उन्हाळ्यात पाडरबोर्नची विसावी ब्रिगेड इथे आली. आसपासच्या छावण्यांत मिळून सुमारे चार हजार सैनिक आणि त्यांची कुटुंबं. लार्कहिल, बुलफर्ड, लजरशॉल या तीन गावांत मिळून नऊशेहून जास्त घरं बांधली, शाळा वाढवल्या, गॅरेजं, मेस. पण रेंज नवीन बांधावी लागली नाही, कारण सॅलिसबरी प्लेन आधीपासूनच होतं, सुमारे ३८,००० हेक्टर. ब्रिगेड इथे का आणली याचं उत्तरच ते मैदान आहे.

मैदान असं फुकट मिळत नाही. इंबर नावाचं गाव १९४३ मध्ये सरावासाठी रिकामं केलं. लोकांना वाटलं लढाई संपली की परत येऊ. कुणालाच परत येऊ दिलं नाही. चर्च उभं आहे, आणि वर्षातले थोडे दिवस रस्ता उघडतात तेव्हा लोक बघायला जातात.

जिरायत दादांच्या मुद्द्याला धरून: इथे मैदानाच्या बऱ्याच भागावर भाडेपट्ट्याने शेती आणि चराई चालते. मधोमध गोळे पडण्याचा कायमचा बंद भाग, त्याच्या बाहेरचा भाग झेंड्याप्रमाणे बंद-चालू. फायरिंगच्या वेळा आधी जाहीर होतात, कुणीही नेटवर बघू शकतं. मी कुत्रं फिरवायला निघण्याआधी तेच बघते. रणगाड्यांना रस्ता ओलांडायला ठरलेल्या जागा आहेत आणि तिथला रस्ता काँक्रीटचा आहे.

माजी_सॅपर

शेवटचं वाक्य अधोरेखित करा. रणगाडा जागच्या जागी वळला की डांबर सोलून निघतं. टी-९० छेचाळीस टनांचा, अर्जुन त्याच्या कितीतरी वर. तुमची पायदळाची ब्रिगेड असली तरी कधीतरी रणगाडे येणारच. क्रॉसिंग, वळणाच्या जागा आणि रेल्वे सायडिंगचा रॅम्प काँक्रीटमध्ये. पुलावरच्या पिवळ्या गोल पाट्या पाहिल्यात? त्यावर पुलाचा लष्करी भार-वर्ग असतो. छावणीपासून सायडिंगपर्यंतच्या वाटेवर तसा एकच कमकुवत पूल असला तर सगळी गाडी तिथे अडते. आराखड्यात तो पूल शोधा, गुण मिळतील.

म्युनिकचा_मोरे

उलटं उदाहरण द्यायचं तर जर्मनीची पंचेचाळिसावी ब्रिगेड लिथुआनियात हलते आहे. एप्रिल २०२५ मध्ये उभी राहिली, २०२७ अखेर पूर्ण सज्ज करायची, नागरी कर्मचारी धरून जवळपास पाच हजार माणसं. तिथे मैदान तयार नव्हतं. विल्नियसच्या दक्षिणेला रुदनिंकाईच्या जंगलात नवीन लष्करी वसाहत आणि सराव क्षेत्र दोन्ही उभं करावं लागतंय, आणि ती जागा म्हणजे सोव्हिएत काळातलं विमानांचं बॉम्बफेकीचं मैदान. म्हणजे आधी जुने बॉम्ब काढा, मग पाया खणा. निनाद, तुमचं प्रकरण यातलं कुठलं? मैदान आहे आणि घरं नाहीत, की दोन्ही नाही? खर्चाचा क्रम त्यावर ठरेल.

माळरान

अवांतर वाटेल पण नाही. रेंज म्हणजे उजाड जमीन असं धरून चालू नका. माणूस, नांगर आणि प्लॉटिंग बाहेर राहिल्यामुळे गवताळ माळ टिकतात. राजस्थानात माळढोक उरला त्या मोजक्या जागांमध्ये पोखरणची फील्ड फायरिंग रेंज आहे. सॅलिसबरी प्लेनवरही इंग्लंडातून नामशेष झालेला माळढोकाचा भाऊबंद पुन्हा आणून सोडलाय. आपल्याकडे नगर-सोलापूरचे माळ लांडगा आणि चिंकाऱ्याचे आहेत. तिथे नियोजनात ‘वृक्षारोपण’ म्हणून गिरिपुष्पाची रांग लावू नका, माळ मरतो. वणव्याची काळजी मात्र घ्या. उन्हाळ्यात ट्रेसर, म्हणजे जळत जाणारी गोळी, वाळक्या गवतात पडली की संपलं. जाळरेषा आणि पाण्याचा टँकर रेंजच्या यादीत असलाच पाहिजे.

निनाद_के

सर्वांचे मनापासून आभार. माजी_सॅपर काका, जिरायत दादांचं वाचून आम्ही नकाशा बाजूला ठेवला आणि आधी दिवसांचं गणित मांडलं. तपासाल का?

तीन पलटणी, प्रत्येकी ८०० धरून २,४०० जण. दहा लेनची रेंज. एका डिटेलला (एका वेळी फायर करणाऱ्या दहा जणांना) गोळ्या वाटण्यापासून टार्गेट चिकटवण्यापर्यंत अर्धा तास. दिवसात बारा डिटेल, म्हणजे १२० जण. एकदा सगळ्यांचं फायरिंग व्हायला २० दिवस. वर्षातून चार वेळा म्हटलं तर ८०, आणि एकदा रात्रीचं धरून आणखी २० रात्री. वर्षातून पावसाळा, रविवार, सण, डागडुजी वजा केली तर हातात साधारण १५० दिवस उरतात. म्हणजे एक रेंज पुरते?

माजी_सॅपर

गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. ज्या दिवशी एक पलटण परेडला आणि दुसरी फील्ड फायरिंगला गेली त्या दिवशी तिसरीला रेंज हवी, तेव्हाच पोलीस आणि एनसीसीची पण मागणी असते. १५० पैकी १०० पहिल्याच वर्षी भरले तर पाऊस लांबला की कोलमडतं. दोन रेंज काढ, पण एकमेकींना पाठ करून नको, शेजारी-शेजारी, एकच डेंजर एरिया वापरणाऱ्या. जागा एकीचीच जाते.

आता फील्ड फायरिंग. पलटणीला चार रायफल कंपन्या, म्हणजे बारा. एका वेळी एकच कंपनी. जागा पाहणं, कोरडी तालीम, मग दिवसा आणि रात्री जिवंत गोळ्यांवर, असे पाच दिवस. साठ दिवस तिथेच गेले, मॉर्टार आणि तोफखाना अजून आलेला नाही. हे दिवस नगरकडे मागावे लागतील, आणि तिथे आर्मर्ड आणि मेकनाइज्डवाले आधीच रांगेत. ब्रिगेड हलवताना माणसं आणि भांडी हलतात, रेंजचे दिवस मागे राहतात. नव्या ठिकाणी ते कुणाच्या तरी वाट्यातून काढावे लागतात.

निनाद_के

जिरायत दादा, समजा तारखा आम्ही ठरवायच्या झाल्या, तर तुमच्याकडे रान कधी मोकळं असतं?

जिरायत

पहिल्यांदा कुणी विचारलं.

उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, तेव्हा नको. ज्वारी फेब्रुवारी-मार्चला. पेरणी जूनला पावसावर. त्यामानाने बाजरी निघून गेल्यावर ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचे पहिले दिवस बरे, पण तेव्हा रब्बीची पेरणी वाफशावर अवलंबून, वाफसा तारीख बघून येत नाही. मे अखेर कांदा चाळीत गेल्यावर पंधरा दिवस खरंच मोकळे असतात, ऊन सोसत असेल तर या. डिसेंबर-जानेवारीत सलग आठवडा नको, दोन-दोन दिवस चालतील. गावची जत्रा चैत्रात, तेवढी सोडा.

आणि कागद तीन दिवस आधी नको, महिना आधी द्या. मजुराची उचल त्याच्या आधी देत नाही आम्ही.

कागदोपत्री

निनाद, हा प्रतिसाद जसाच्या तसा परिशिष्टात घाल. शिवाय भरपाईच्या रकान्यात ‘बुडालेली मजुरी’ अशी एक वेगळी ओळ काढ. कायद्यात जमिनीवरच्या हक्काला अडथळा आल्याबद्दलही भरपाई मागता येते, नुसतं पीक तुडवल्याबद्दल नाही. मागणारा अर्ज कसा लिहितो यावर बरंच असतं.

कोथरूडकर

मे महिन्यात नगरला फायरिंग. जवानांच्या आधी तुमचे मार्कर वितळतील. पाण्याचा टँकर वणव्यासाठी एक आणि माणसांसाठी दोन काढा.

निनाद_के

काढले. शीट गुरुवारी द्यायची आहे, धोक्याचा पंखा आणि मॅगझिनचं वर्तुळ एकमेकांवर येतंय, त्यामुळे शाळा तिसऱ्यांदा हलवतोय. कुणाला बॅफल रेंजच्या भिंतीच्या जाडीबद्दल सार्वजनिक संदर्भ माहीत असेल तर इथेच टाका.